ऑटोस्विच काढायचा कोणी?

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही ओळ ज्या गावाच्या भिंतीवर नाही, असं गाव महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही. शाळेच्या भिंतीवर असेल, चावडीवर असेल, नाहीतर पाण्याच्या टाकीवर तर असेलच. आणि बऱ्याच ठिकाणी त्याच टाकीखालच्या नळाला तोटी नसते. भिंती वाचून शहाणपण यायचं असतं तर ते आपल्याला केव्हाच आलं असतं. शेतकऱ्याला पाण्याचं महत्त्व सांगायला बाहेरून कोणी यावं लागत नाही. विहिरीचा एकेक टप्पा उघडा पडताना त्यानेच पाहिलेला असतो. बोअर आणखी शंभर फूट खाली न्यायला कर्जही त्यानेच काढलेलं असतं.

मग कळतं पण वळत नाही, असं का? या एका प्रश्नावर अर्थशास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली आहे. तिला वर्तनाचं अर्थशास्त्र म्हणतात. या विषयातले अमेरिकेतले प्राध्यापक रिचर्ड थेलर यांना २०१७ साली नोबेल मिळालं. त्यांनी कॅस सनस्टीन यांच्याबरोबर २००८ साली लिहिलेल्या पुस्तकाचं नाव आहे ‘नज’. नज म्हणजे कोपराने हळूच ढोसणं. आपल्या केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालातही या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण होतं. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. माणूस दर वेळी वही-पेन्सिल घेऊन हिशेब करत नाही. जे आपोआप घडतं ते तो घडू देतो, शेजारी करतो तसं करतो, आणि आजचं काम उद्यावर ढकलता येत असेल तर ढकलतो. म्हणून माणसाला उपदेश करण्याआधी त्याच्या भोवतीची मांडणी बदला, असं हे शास्त्र सांगतं.

याचा आपल्या शिवाराशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. उत्तर तुमच्या मोटारीच्या पेटीत आहे.

पेटीतला मुका गडी

शेतीच्या थ्री फेज विजेचं वेळापत्रक तुम्हाला पाठ आहे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि मध्ये फॉल्ट झाला तर केव्हाही. रात्री एकला लाईट येणार म्हणून बॅटरी घेऊन चिखल तुडवत विहिरीवर जायचं. वाटेत साप-विंचू, आणि आता बऱ्याच तालुक्यांत बिबट्याही. यावर शेतकऱ्याने काढलेला तोडगा म्हणजे ऑटोस्विच. लाईट आली की मोटर आपोआप चालू, गेली की बंद. हा ज्याने बसवला त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. रात्रीच्या विजेने त्याला दुसरी वाट ठेवली नव्हती.

पण या छोट्या पेटीने काय केलं ते नीट पाहा. पूर्वी मोटर बंद असायची आणि चालू करायला माणूस उठायचा. आता मोटर चालूच असते, ती बंद करायला माणसाने उठायचं. निर्णय उलटा झाला. शेताला आज पाणी हवं का, जमीन वाफशावर आली का, कालचं पाणी अजून सरीत उभं आहे का, हे प्रश्न कोणी विचारतच नाही. पेटी विचारत नाही, आणि माणूस झोपलेला असतो.

काहीच केलं नाही तर काय घडतं, यावर माणसाचं वागणं फार अवलंबून असतं. पीकविम्याचं उदाहरण घ्या. २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्याला विमा ऐच्छिक झाला. पण ‘मला विमा नको’ असं मुदतीच्या सात दिवस आधी बँकेत लिहून द्यायचं, नाहीतर हप्ता कापला जाणार, असा नियम ठेवला. असं लिहून द्यायला गावातून कितीजण गेले, ते तुम्हीच आठवा. न गेलेल्या सगळ्यांना विमा हवाच होता असं नाही. अर्ज करायचा राहून गेला, एवढंच. या राहून जाण्यातच सगळी गंमत आहे. ते पाण्याच्या बाजूने लावता येतं आणि पाण्याच्या विरुद्धही. ऑटोस्विचमध्ये ते विरुद्ध लागलेलं आहे.

किती विरुद्ध, त्याचा हिशेब करू. तुमची मोटर सेकंदाला पाच लिटर पाणी उचलते असं धरा. तासाला १८ हजार लिटर झालं. आठ तास लाईट राहिली तर १ लाख ४४ हजार लिटर. एका एकरावर हे पाणी सारखं पसरलं तर साडेतीन सेंटीमीटर उभं राहील. गरज असेल तर हे पाणी सोनं आहे. गरज नसेल तर एका मोटारीने एका रात्रीत फुकट उपसलेलं पाणी किती होतं? जलजीवन मिशनमध्ये माणशी रोजचं ५५ लिटर धरलेलं आहे. त्या मापाने हे २,६०० वस्तीच्या गावाचं एका दिवसाचं पाणी झालं. शिवाय जादा पाण्याने खत मुळाखाली निघून जातं आणि भारी जमीन चिबडते ते वेगळंच.

डीपी का जळते

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती पाण्याची नाही, लोखंडाची आणि तांब्याची आहे. डीपी जळाली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. ऐन हरभऱ्याच्या फुलोऱ्यात आठ-पंधरा दिवस अंधार, वर्गणी, ट्रॅक्टर, फोनवर फोन, आणि तोवर पीक डोळ्यांदेखत सुकतं.

पाच अश्वशक्तीची मोटर व्यवस्थित चालू असताना साधारण सात-आठ अँपिअर करंट घेते. ६३ केव्हीएची डीपी ८०-८५ अँपिअरचा भार पेलते. म्हणजे अशा दहा मोटारी तिच्यावर चालायला हरकत नाही. पण मोटर चालू होताना, वेग घेईपर्यंतच्या काही सेकंदांत, ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दहाही मोटारींना ऑटोस्विच असेल तर लाईट आल्या क्षणी दहाच्या दहा एकदम उठतात. चारशे अँपिअरच्या वर मागणी जाते. व्होल्टेज कोसळतं, कोसळलेल्या व्होल्टेजवर मोटारी वेग घेत नाहीत, गुरगुरत राहतात, आणि वेग येईना म्हणून जादा करंट ओढतच राहतात. फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार घालतो. त्यानंतरची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे.

महावितरणने ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा असं आवाहन आजवर कितीदा केलं असेल, त्याची गणती नाही. पत्रकं निघाली, बातम्या आल्या. आवाहनात चूक काही नव्हती. तरी ऑटोस्विच पेटीतच राहिला. कारण पारावर बसून विचारलंत तर असं उत्तर येतं: “माझ्या एकट्याचा काढून काय उपेग? बाकीच्यांच्या चालूच राहणार. रात्रीचं मीच हिंडायचं, आन् डीपी जळली तर वर्गणी मलाबी सारखीच.”

हे बोलणं अडाणीपणाचं नाही, पक्क्या हिशेबाचं आहे. ऑटोस्विच काढण्याचा त्रास एकट्याला आणि फायदा दहाजणांना. ठेवण्याचा फायदा एकट्याला आणि तोटा दहाजणांत वाटून. असा हिशेब असताना प्रत्येकजण शहाणपणानेच वागतो आणि सगळे मिळून डीपी जाळतात. इथे प्रबोधनाने काम भागत नाही.

मग काय करायचं? माझ्या मते ‘ऑटोस्विच काढा’ हे सांगणंच सोडून द्यावं. रात्रीची वीज आहे तोवर माणूस तो काढणार नाही, आणि त्याने काढावा अशी अपेक्षा शहरात बसून करणं सोपं आहे. त्याऐवजी ऑटोस्विच राहू द्या आणि त्याची वेळ बदला. लाईट आल्यावर काही वेळ थांबून मोटर चालू करणारे टायमरचे ऑटोस्विच बाजारात मिळतात. एका डीपीवरच्या मंडळींनी एकत्र बसून क्रम लावायचा: पहिल्याची मोटर एका मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, दहाव्याची दहाव्या मिनिटाला. एक उठून वेगाला लागली की मग दुसरी. कोणालाही अंधारात जावं लागत नाही आणि कोणाचं पाणी बुडत नाही. फार तर दहा मिनिटं मागेपुढे.

याच टायमरला बंद होण्याची वेळही लावता येत असेल तर पाण्याचं कामही त्यातच होतं. लाईट असेपर्यंत चालणारी मोटर आणि तीन तासांनी आपोआप थांबणारी मोटर, या दोन्हींत शेतकरी तोच, पीक तेच. ज्याला चौथा तास हवा असेल त्याने जाऊन बटण दाबावं, त्याला कोणी अडवलेलं नाही. फक्त जादा पाण्यासाठी उठावं लागेल, वाचवण्यासाठी नाही. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे स्टार्टरही आता बऱ्याच गावांत आले आहेत. तेही चालतील. मात्र पेटीतलं काम वायरमनकडूनच करून घ्या. डीपीला तर हात लावूच नका.

फुकटाचं पाणी

इथे कोणी म्हणेल, एवढं ढोसाढोशी करण्यापेक्षा विजेला मीटर लावा, माणूस आपोआप सुधारेल. शास्त्राप्रमाणे बरोबर आहे. अश्वशक्तीवर ठोक बिल असलं की मोटर एक तास चालवली काय आणि आठ तास चालवली काय, खिशाला फरक पडत नाही. एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफतच केली. शेतकऱ्याची परिस्थिती पाहता ती सवलत काढा असं म्हणायला कोणी धजावणार नाही, आणि या लेखाचा तो हेतूही नाही. पण विजेची किंमत शून्य झाली म्हणून पाण्याची किंमत शून्य होत नाही, हेही खरं.

पंजाबात वीज फुकट आणि भात बारमाही वाटावा इतका. तिथे २०१८ साली ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ नावाची योजना सहा फीडरवर सुरू झाली. पद्धत अशी: शेतकऱ्याची सवलत काढून घ्यायची नाही. मोटारीला मीटर लावायचं, मोसमासाठी विजेचा कोटा ठरवायचा, आणि त्यातलं जितकं युनिट वाचेल त्याचे युनिटमागे ४ रुपये बँक खात्यात जमा करायचे. कोट्याच्या वर गेला तरी दंड नाही. याची गोम लक्षात घ्या. जे हातात आहे ते काढून घेतलं तर माणूस पेटून उठतो, कारण मिळालेल्या शंभरापेक्षा गेलेले शंभर त्याला जास्त झोंबतात. म्हणून सवलत तशीच ठेवून वर कमाईची वाट दाखवली. पुढच्या पाहणीत भाग घेतलेल्या शेतकऱ्यांच्या पंपाचे तास कमी झाल्याचं दिसलं.

लगेच हुरळून जायचं कारण नाही. याच धर्तीचा प्रयोग त्याआधी उत्तर गुजरातमध्ये झाला होता. शेतकरी मोठ्या संख्येने आले, पण पाण्याच्या वापरात फरक काही दिसला नाही. तेव्हा पैसे दाखवले की पाणी वाचतंच असं नाही. मला यात एक गोष्ट राहून राहून खटकते. खालचं पाणी सामायिक आहे. मी सोडलेलं पाणी माझ्या विहिरीत राहणार, की बांधापलीकडची मोटर ओढून घेणार? याचं उत्तर कोणताही एकटा शेतकरी, त्याच्या खात्यात कितीही जमा केले तरी, देऊ शकत नाही. ते गावालाच द्यावं लागतं.

पेरणीच्या आधीचा हिशेब

अशा उत्तरासाठी लांब जायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात, हिवरे बाजार आहे. गावाचं नाव तुम्ही हजारदा ऐकलं असेल. सहली गेल्या असतील, फोटो निघाले असतील. पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बहुतेक लोक तिथले बंधारे आणि डोंगरावरचे समतल चर बघून येतात. बंधारे तर पुष्कळ गावांनी बांधले, आणि त्यातल्या कित्येक गावांत पुढच्या वर्षी दहा नवे बोअर पडले आणि साठलेलं पाणी मार्चमध्येच आटलं. हिवरे बाजारचं वेगळेपण बंधाऱ्यात नाही, वहीत आहे.

गावात पाऊस मोजला जातो. विहिरींची पातळी पाहिली जाते. पावसाळा संपता संपता ग्रामसभेपुढे हिशेब येतो: इतका पाऊस पडला, इतकं पाणी जमिनीत आहे. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात शेती. त्यावर रब्बीत काय घ्यायचं, उन्हाळी पीक घ्यायचं की नाही, हे ठरतं. पाऊस कमी तर गहू कमी. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे नियम गावाने स्वतःवर घातलेले आहेत. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास असणाऱ्या गावाचं हे अंदाजपत्रक आहे.

आता हे आपल्या शास्त्राच्या चष्म्यातून बघा. पहिली गोष्ट वेळेची. निर्णय पेरणीच्या आधी होतो. एकदा गहू शेतात उभा राहिला की ‘पाणी वाचवा’ म्हणणाऱ्याच्या अंगावर शेतकरी धावून जाईल, आणि ते योग्यच आहे. पोराला अर्धपोटी ठेवा म्हणण्यासारखं आहे ते. जे पीक पेरलंच नाही त्याचं दुःख नसतं. दुसरी गोष्ट, न दिसणारं पाणी दिसायला लागतं. जमिनीखालचं पाणी दिसत नाही म्हणून प्रत्येकाला ते पुष्कळ वाटतं. फळ्यावर आकडा लिहिला की ते मोजकं होतं. तिसरी गोष्ट, ठराव सगळ्यांदेखत होतो. चारचौघांत हात वर केलेला माणूस चार महिन्यांनी तोच हात मागे घेताना दहादा विचार करतो. तिथे कोणी पोलीस बसवलेला नाही.

त्याआधीचं उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं: घरात माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. पन्नास एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी घालायचा. साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या योजनांपैकी सगळ्या टिकल्या असं नाही, पण त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. वाटणी न्याय्य वाटली तर माणूस कमी पाण्यावरही राजी होतो. शेजाऱ्याचा ऊस हिरवागार आणि माझी ज्वारी वाळलेली असेल, तर मला कोणत्याही शास्त्राने कितीही ढोसलं तरी मी हलणार नाही.

गावातला नळ

आता सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठी दोन शब्द. (भाऊसाहेबांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात अजून ग्रामसेवकच.)

पाणी वाया घालवणाऱ्याला दंड करू, असा ठराव पुष्कळ पंचायतींच्या प्रोसिडिंगमध्ये सापडेल. दंडाबद्दल एक परदेशी प्रयोग सांगण्यासारखा आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरं घेतली. मुलांना न्यायला आईबाप उशिरा यायचे. त्यांतल्या सहांमध्ये उशिराला लहानसा दंड लावला. उशीर कमी होईल असं वाटलं होतं, झाला जवळजवळ दुप्पट. दंड नव्हता तेव्हा बाईंना ताटकळत ठेवल्याची शरम वाटायची. दंड आल्यावर लोकांना वाटलं, पैसे मोजले की झालं. पुढे दंड काढून टाकला, पण उशीर काही पूर्वीच्या पातळीवर आला नाही. एकदा गेलेली शरम परत येत नाही. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमच्या गावातही ‘घ्या शंभर रुपये, आता बोला’ म्हणणारा एखादा असेलच. दंड करायचा तर झोंबेल असा करा, नाहीतर करू नका. किरकोळ दंड म्हणजे पाणी सांडायचा परवाना.

दुसरा प्रयोग मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशातल्या बेलेन गावचा. २०१४ साली तिथे पाण्याच्या बिलावर एक चिठ्ठी चिकटवली. तुमच्या वस्तीत सरासरी घराला किती पाणी लागतं आणि तुम्ही त्याच्या वर आहात की खाली, एवढंच तिच्यावर. दर वाढवला नाही, मीटर बदललं नाही. पाणी साडेतीन ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी झालं. हाच आकडा सगळ्या गावाच्या सरासरीशी ताडून दिला तेव्हा मात्र खास फरक पडला नाही. माणूस तालुक्याशी स्पर्धा करत नाही, भाऊबंदाशी आणि आळीतल्या घराशी करतो. हे आपल्याला नवं नाही. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा शेजारच्या गावाने बक्षीस नेलं या एका सलापायी किती गावं झाडून लख्ख झाली होती! (बक्षीस मिळाल्यावर झाडू कोपऱ्यात गेले, तीही गंमत आपण पाहिली.)

ज्या गावात घरोघर मीटर आहेत तिथे अशी चिठ्ठी पाणीपट्टीच्या पावतीवर देता येईल. जिथे नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी नाहीतच, तिथे आळीवार टाकीचं पाणी मोजता येतं. कोणत्या आळीला रोज किती गेलं, हे पंचायतीच्या फळ्यावर आठवड्याला लिहायचं. मात्र घराचं नाव लिहून कोणाची अब्रू काढू नका. गावात त्याची भांडणं होतात, आणि ती पाण्यावरून सुरू होऊन निवडणुकीपर्यंत जातात. जी आळी कमी वापरते तिला चांगलं म्हणायला विसरू नका. नुसता आकडा दिला तर कमी वापरणारेही ‘मग आपणच का काटकसर करायची’ म्हणून वर सरकतात, असा अमेरिकेतला अनुभव आहे. तिथल्या वीजवापराच्या एका प्रयोगात काटकसरीच्या घरांना हसऱ्या चेहऱ्याचं चित्र काढून दिलं आणि ती घरं जागेवर राहिली. हसू नका. ग्रामसभेत टाळ्या मिळाल्या तर कोणाला नको असतात?

आणि तोटी. तोटी बसवा. चोरीला गेली तर पुन्हा बसवा. उघडा नळ हा सगळ्या गावाला सांगत असतो की इथे पाण्याची फिकीर कोणाला नाही, आणि ते भिंतीवरच्या ओळीपेक्षा जास्त मोठ्याने ऐकू जातं.

विचारायचं केव्हा

कृषी सहायकांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. तमिळनाडूत विलुप्पुरम आणि तिरुवन्नामलै जिल्ह्यांतल्या ४६४ ऊस उत्पादकांना काही बुद्धीची कोडी घातली होती, एकदा तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि एकदा तोडणीनंतर पैसा आल्यावर. माणसं तीच. तोडणीआधी त्यांची कोडी जास्त चुकली, तोडणीनंतर सुधारली. अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पैशाच्या विवंचनेत डोकं तिथेच अडकलेलं असतं, दुसऱ्या विचाराला जागा राहत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. शेतकऱ्याला हे सांगायला अभ्यास लागला नसता, पण ज्यांना कागद लागतो त्यांच्यासाठी कागद झाला.

केनियात याचाच उपयोग केला. खत तर सगळ्यांना घ्यायचं असतं, पण पेरणीपर्यंत पैसा उरत नाही. म्हणून पीक निघाल्या निघाल्या, हातात पैसा असताना, ‘आताच पैसे भरा, खत वेळेवर घरपोच’ अशी सोय दिली. दर तोच. खत घेणारे चांगलेच वाढले.

आपल्याकडे ठिबकचा मेळावा कधी भरतो? बहुतेक वेळा मार्चअखेर, जेव्हा अनुदानाचं उद्दिष्ट गाठायचं असतं, किंवा मे महिन्यात, जेव्हा शेतकऱ्याकडे बियाण्याला पैसे नसतात. टायमर असो, ठिबक असो, सामायिक कॅपॅसिटर असो, त्याचा विषय उसाचं बिल आल्याच्या किंवा कापूस-सोयाबीन विकल्याच्या आठवड्यात काढा. ऊसवाल्यांसाठी तर, शेतकऱ्याने लेखी संमती दिली तर, ठिबकच्या हिश्शाची रक्कम बिलातूनच वेगळी ठेवायची व्यवस्था कारखान्याला करता येईल. संमतीशिवाय मात्र दमडीही कापू नये. कपातीचे आपले अनुभव काही फार गोड नाहीत.

मांडणीला मर्यादा आहेत, हेही सांगितलं पाहिजे. दिवसाची वीज मिळाली तर अर्ध्याअधिक ऑटोस्विचचं कारणच संपेल. सौर कृषी वाहिनीचं काम त्यासाठीच चालू आहे, आणि ते लवकर व्हावं म्हणून भांडत राहायलाच हवं. जास्त पाण्याच्या पिकाला हमखास बाजार आणि ज्वारी-करडईला भाव नाही, हा प्रश्न कोणत्याही चिठ्ठीने सुटणार नाही. तो मुंबई-दिल्लीत सुटायचा. सरकारने ‘आम्ही फलक लावले, लोकच ऐकत नाहीत’ म्हणून अंग काढून घेण्यासाठी तर हे शास्त्र मुळीच वापरू नये.

पण डीपी आपल्या शिवारातली आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गहू-हरभऱ्याची पेरणी बहुधा व्हायची असते. त्याआधीच्या आठवड्यात एका डीपीवरच्या मंडळींनी कोणाच्या तरी ओट्यावर बसावं. कागदावर नावं लिहावीत, नावापुढे मोटारीची अश्वशक्ती, ऑटोस्विच आहे की नाही, कॅपॅसिटर आहे की नाही, आणि लाईट आल्यावर कितव्या मिनिटाला मोटर उठणार तो आकडा. यंदा गावात पाऊस किती मिलिमीटर झाला आणि विहिरीला पाणी किती हात आहे, तेही त्याच कागदावर. कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा आणि डीपीजवळच्या एखाद्या खोलीच्या भिंतीवर डकवा. पहिलं मिनिट कोणाचं यावरून वाद होईल. होऊ द्या. दर महिन्याला क्रम एकेकाने पुढे सरकवला की तोही मिटतो.